पंप घमेल्यात होता

आधी हिशेब सांगतो, मग गोष्ट.

त्या दुपारी माझ्या भाऊजींचा दोन्हीकडून फायदा होता. गाडी दुरुस्त झाली असती, तर मेकॅनिकची मजुरी वाचली असती आणि पुढची दहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पंप आपण घरीच तपासला’ हे ऐकवायला मिळालं असतं. नसती झाली, तर ताई सोमवारी नोकरीच्या चाचणीला गेली नसती, आणि भाऊजींना सगळं आतासारखंच हातात मिळत राहिलं असतं.

ताईचा फायदा एकाच बाजूने होता. गाडी चालली तर.

आणि माझा? शून्य. मला फक्त किल्ली फिरवायला बोलावलं होतं.

हे मुद्दाम आधी सांगतोय. मी गोदामात माल मोजणारा माणूस आहे. जेवढं आलं तेवढंच लिहितो. खाली जे लिहिलंय ते घडलेलं आहे. खोटं सांगून मला काही मिळणार नाही आणि गेलेलं काही परत येणार नाही.

रात्र नव्हती. रविवार होता, दुपारचे अडीच. गॅरेजचा पत्रा उन्हाने तडतडत होता. पलीकडे कुणीतरी काठीने गादी झोडपत होतं. भुताला याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही.

गाडी जुनी होती. तीन आठवड्यांपूर्वी एका चष्मेवाल्याकडून घेतलेली. तो म्हणाला होता, “आईसाठी ठेवली होती. आता आई नाही.” आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, “मागची सीट दोनदा धुऊन घेतलीय.”

भाऊजी घरी येऊन म्हणाले, “बघ, सीटसुद्धा धुऊन दिली. माणूस सज्जन आहे.”

कुणी न विचारता सीट धुतल्याचं सांगतो तेव्हा का धुतली हे विचारावं. पण फुकट मिळालेल्या वस्तूला भाऊजी प्रश्न विचारत नाहीत.

गाडी दहा-पंधरा मिनिटं नीट चालायची. मग खोकल्यासारखी करायची आणि बंद पडायची.

इथे ताईचं सांगायला हवं. लग्नाआधी ताई बस स्थानकावर घोषणा द्यायची. तिचा आवाज म्हणजे नुकती पुसलेली फरशी. एक डाग नाही. चौदा वर्षांनी तिला पुन्हा बोलावणं आलं होतं, तीस किलोमीटरवरच्या मोठ्या स्थानकावरून. सोमवारी सकाळी आठला आवाजाची चाचणी. उशीर झाला तर यादीतलं पुढचं नाव. आणि गंमत बघा, आमच्याकडून तिथे जाणारी पहिली बस पोचायची नऊला.

“टॅक्सी सांगू या ना,” मी म्हणालो.

“दारात गाडी असताना?” भाऊजी म्हणाले. “हसतील लोक.”

“बंद गाडी दारात असली की हसत नाहीत वाटतं,” ताई म्हणाली.

“गोदामवाले, तुमच्या बहिणीला सांगा, माणसाला काम करू द्यावं.”

काम सोपं होतं. पेट्रोलच्या टाकीत एक पंप असतो, मागच्या सीटखाली. किल्ली अर्धी फिरवली की तो दोन सेकंद गुणगुणतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. पुढे इंजिनाजवळ दाब मोजणारा गेज लावायचा. काटा तीनवर गेला आणि तिथेच थांबला, तर पंप ठीक. घसरला, तर पंप गेला.

भाऊजींनी गेज कुठून तरी मागून आणला होता. ते बॉनेटपाशी. मी ड्रायव्हरच्या सीटवर. ताई दाराशी चहाचे कप घेऊन.

“तुम्हाला नको ना?” तिने भाऊजींना विचारलं.

“मला चहाने पित्त होतं, माहीत आहे ना.”

“माहीत आहे हो. विचारायची सवय.”

गेज लावण्याआधी नळीतला दाब उतरवायचा असतो. भाऊजींनी पंपाचा रिले उपटला. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान डबी. ती काढली की पंपाला वीजच मिळत नाही. मी किल्ली फिरवली; इंजिन थोडं चाललं, धापा टाकल्या आणि बंद पडलं. मी किल्ली काढून घेतली. भाऊजींनी रिले शर्टाच्या खिशात टाकला.

मग नळीचं टोपण काढलं. थोडं पेट्रोल फडक्यावर सांडलं.

आणि वास आला...

पेट्रोलचा नव्हता. सकाळी उठल्यावर बंद तोंडाला येतो तो वास. कवळी रात्रभर ठेवलेल्या पाण्याचा. गोडसर, कोमट.

ताईने पदर नाकाला लावला. “अहो, हे काय आहे?”

“जुनं पेट्रोल. असंच येतं.” त्यांनी फडकं नाकापाशी नेलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. पण शब्द मागे घ्यायचा त्यांचा स्वभाव नाही.

गेज बसला. काटा शून्यावर.

“आता मी रिले परत लावतो. मग म्हणेन तेव्हा किल्ली दे.”

मी थांबलो. किल्ली माझ्या मांडीवर होती. लावलेलीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागून...

दोन सेकंद.

पंपाचा आवाज मी आधी ऐकला होता. पातळ, सरळ असतो. हा जाड होता. ओला. घशात काही अडकल्यावर माणूस ते वर ओढतो, तसा.

“अरे, म्हणेन तेव्हा दे म्हटलं ना!”

“दिली नाही मी.”

“काटा तीनवर गेला की रे.”

मी किल्ली वर करून दाखवली. भाऊजींनी खिसा चाचपला. रिले खिशातच होता.

पलीकडे गादी झोडपणं चालू होतं.

“वायरिंगमध्ये शॉर्ट असेल,” भाऊजी म्हणाले. भाऊजींकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. बरोबर असावंच असा त्यांचा आग्रह नसतो.

त्यांनी बॅटरीची वायरही सोडवली. आता गाडीत विजेचा थेंब नव्हता.

काटा हळूहळू खाली आला. शून्य.

आणि पुन्हा मागून...

या वेळी आवाजाला शेवट होता. ओढून झाल्यावर गिळल्याचा.

मी गाडीतून कसा उतरलो ते आठवत नाही. कोपर दाराला लागलं होतं, ते संध्याकाळी कळलं.

“पंपाची जाळी तुंबली असणार. पंपच काढतो,” भाऊजी म्हणाले.

“अहो, नको. राहू दे. मी दुसरं काही बघते,” ताई म्हणाली.

“थांब गं, झालंच.”

हे शब्द लक्षात ठेवा.

मागची सीट उचलली. सीट वरून स्वच्छ होती. धुतलेली. खाली कुणी बघणार नाही म्हणून खाली कुणी धुतलं नव्हतं. कागदी रुमालांचे बोळे पत्र्याला चिकटले होते, पिवळे, कडक. त्यांच्यामध्ये नखं. पायाची, जाड, कापलेली. भाऊजींनी ते सगळं स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून बाजूला केलं आणि टाकीच्या तोंडावरचं झाकण उघडलं.

वासाने डोळ्यांत पाणी आलं.

पंप वर आला तो एकटा नाही आला. त्याच्या खालच्या जाळीला केस गुंडाळलेले होते. पांढरे, हात-हातभर लांब. आणि केसांना धरून एक चिकट, पिवळट, हिरव्या गाठींची तार. भाऊजी पंप वर उचलत गेले, ती तार लांबत गेली. तुटेना. वीतभर झाली, हातभर झाली. मग तुटली आणि टाकीत परत गेली. पडली म्हणत नाही मी. आत ओढली गेली.

मी गॅरेजच्या भिंतीपाशी जाऊन ओकलो.

परत बघतो तर भाऊजी जाळीवरचे केस बोटांनी सोडवत होते, बायका कंगव्यातले सोडवतात तसे. बोटं पँटला पुसली. ताईने चहाबरोबर आणलेल्या बशीतलं एक बिस्कीट त्याच हाताने उचललं.

“अहो!” ताई ओरडली.

“काय झालं? पेट्रोलने जंतू मरतात.”

पंप त्यांनी एका घमेल्यात ठेवला. मी तो घमेल्यात बघत होतो. ताईही बघत होती. नळी सुटलेली. वीज नाही. रिले खिशात.

मग टाकीच्या उघड्या तोंडातून...

दोन सेकंद.

स्पष्ट. अगदी जवळ. ओला श्वास वर ओढला, थांबला, गिळला.

बॉनेटपाशी गेजच्या काचेवर टिक झालं. काटा तीनवर होता.

तिथेच थांबला. घसरला नाही.

गादी झोडपणं थांबलं होतं. कधी थांबलं ते लक्षात आलं नाही.

भाऊजींचा चेहरा पहिल्यांदा उतरला. पण किती वेळ? मी मोजलं नाही; फार तर एक मिनिट. मग घसा खाकरून म्हणाले, “चला. जाळी साफ झाली. प्रेशर तीन येतंय. म्हणजे काम झालं.”

“ते पेट्रोल फेकून द्या,” ताई म्हणाली. “सगळं. टाकी कोरडी करा.”

“हो हो, फेकतो. तुम्ही जा आत.”

आम्ही आत गेलो. मी तोंड धुतलं, ताईने दोनदा अंघोळ केली. तासाभराने भाऊजी आत आले. गाडी चालू झाली होती. पेट्रोल? फेकलं म्हणाले. नवीन भरलं म्हणाले.

मी त्या दिवशी तिथेच मुक्काम केला. सकाळी ताईबरोबर जायचं होतं.

सोमवारी सहाला ताईने चहा केला. दोन कप. भाऊजी पाणी पीत बसले होते. ताई खुशीत होती. ओट्यापाशी उभी राहून म्हणत होती, “फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटण्यास तयार आहे...” काय आवाज होता! मी लहानपणी स्थानकावर तिच्या आवाजाखाली बसून बिस्किटं खायचो.

चहावर साय होती. फुंकली तर सरकली नाही. जरा जाड वाटली.

अर्धा कप झाल्यावर जिभेवर काहीतरी आलं.

बोटांनी धरलं. केस होता. ओढला. आला... आणखी आला... त्याचं दुसरं टोक घशात खाली होतं. मी ओढत होतो आणि आतून ते वर सरकताना कळत होतं.

कप तसाच टेबलावर ठेवून मी बेसिनकडे पळालो.

केस पांढरा होता. ताईचे केस काळे आहेत. मी त्यावर पाणी सोडलं, तोंड पुसलं आणि बाहेर आलो. काही बोललो नाही. चाचणीची सकाळ होती. तिचं मन कशाला खराब करायचं, असं वाटलं.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. पंपाचं गुणगुणणंही ऐकू आलं नाही. भाऊजींची छाती फुगली. मी पुढे बसलो, ताई मागे.

पंधरा मिनिटं झाली. गाडी बंद पडली नाही.

वीस मिनिटं.

“बघा, गोदामवाले,” भाऊजी म्हणाले. “आवाज येतोय का काही?”

आणि मागून...

दोन सेकंद.

भाऊजींचा पाय ब्रेकवर गेला. मी मागे वळून पाहिलं.

ताईने गळ्यावर हात ठेवला होता.

“मी होते रे,” ती म्हणाली. “घसा जरा... चिकट झालाय.”

चाचणी स्थानकावरच्या खऱ्या माईकवर होती. आम्ही दोघं खाली फलाटावर थांबलो. सगळ्या भोंग्यांतून तिचा आवाज येणार होता. मला ढेकूण चावल्यासारखं होत होतं. जागेवर उभं राहवेना.

आठ वाजून पाच मिनिटं. भोंगे खरखरले.

आणि बाराच्या बारा फलाटांवर...

तो ओला, जाड, वर ओढलेला आवाज. मग गिळणं.

लोकांनी माना वर केल्या. एका बाईने तोंडासमोर रुमाल धरला. बाकावरच्या म्हाताऱ्याने खाता खाता घास कागदात थुंकला.

“फलाट क्रमांक...” ताई म्हणाली, आणि पुन्हा तेच. “फलाट... क्र...” पुन्हा.

चार वेळा. मग कुणीतरी माईक बंद केला.

ताई खाली आली तेव्हा तिच्या हातात कुणाचा तरी रुमाल होता. घट्ट मुठीत. तो उघडायचा नव्हता हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. यादीतल्या पुढच्या नावाची मुलगी जिना चढत होती. स्वच्छ आवाजात कुणाला तरी ‘सॉरी हं, जरा वाट द्या’ म्हणाली.

घरी आलो. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पाणी घ्यायला ओट्यापाशी गेलो. खिळ्याला चहाची गाळणी अडकवलेली होती.

मला तोच वास आला. बंद तोंडाचा.

गाळणी उजेडात धरली. जाळीच्या कडेला, तारेत अडकलेले, दोन पांढरे केस.

“भाऊजी, पेट्रोल कशातून गाळलंत?”

ते टीव्ही बघत होते. “कुठलं पेट्रोल?”

“टाकीतलं. फेकलं म्हणालात ते.”

“अरे, साडेतीन लिटर होतं! एवढं का फेकायचं? गाळून परत घातलं. स्वच्छ निघालं एकदम.”

“चहाच्या गाळणीतून?”

“तीनदा धुतली नंतर. साबणाने. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो. तो कुणाचा तरी चष्मा पुसत होता. गाडीचं नाव काढताच पुसायचा थांबला.

“बंद पडते का?”

“आता नाही. पंप काढून साफ केला.”

त्याने चष्मा खाली ठेवला. मग बोलला तो माझ्याकडे न बघता.

“पक्षाघातानंतर आईची वाचा गेली होती. घसा खाकरून हाक मारायची. बस, तेवढंच यायचं तिला. दवाखान्यात नेत होतो. गाडी रस्त्यात बंद पडली. म्हटलं पंप असेल, आपणच बघू. बॉनेट उघडून पाऊण तास खटपट करत होतो. ती मागून खाकरत होती. मी दर वेळी म्हणालो, थांब गं, झालंच.”

“मग?”

“मग खाकरायची थांबली. मला बरं वाटलं. शांतपणे काम करता आलं.” त्याने ओठ चावला. “कफ अडकला होता. मी होतो चार हातांवर.”

“टाकीत केस होते,” मी म्हणालो. “लांब, पांढरे.”

“टाकीत?” तो माझ्याकडे बघत राहिला. “टाकी तर आम्ही कधी उघडलीच नाही. मी तर नुसत्या पुढच्या वायरी हलवत होतो.”

मी निघालो. त्याने मागून विचारलं, “आता गाडीतून आवाज येतो का हो?”

“नाही.”

“मग कुठून येतो?”

मी न थांबता चालत राहिलो.

याला आता सात महिने झाले. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. भाऊजींनी पुन्हा गेज लावून पाहिला. तीनवर जातो, तीनवरच थांबतो. घरी येणाऱ्याला ते दाखवतात.

ताईला घेऊन ते डॉक्टरांकडे जातात. तीन डॉक्टर झाले. तिघांनी घशात दिवा घालून पाहिलं, तिघं म्हणाले घसा साफ आहे. ताई आता बोलत नाही. वही ठेवते. काही हवं असलं की खाकरते.

गेल्या आठवड्यात मी बरोबर होतो. ताई मागे बसली होती. भाऊजी पेट्रोल भरून पंपवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होते. मागून ती खाकरली. दोन सेकंद. पुन्हा खाकरली.

“थांब गं,” भाऊजी काचेतून म्हणाले. “झालंच.”

मी झटकन दार उघडून मागे गेलो. तिला फक्त पाणी हवं होतं. या वेळी.

माझंही सांगतो. माझा आवाज शाबूत आहे. पण जवळपास कुणी गाडीची किल्ली फिरवली की माझ्या घशात काहीतरी आपोआप वर येतं. दोन सेकंद. मग मला ते गिळावं लागतं. चव तीच आहे. मी पार्किंगमधून जात नाही आता.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ताईला तर नाहीच.

त्या सकाळी मी बेसिनवरून परत आलो, तेव्हा टेबलावरचा माझा कप रिकामा होता. ताई तो विसळत होती. “अर्धा टाकून गेलास,” ती त्या पुसलेल्या फरशीसारख्या आवाजात म्हणाली होती, “वाया कशाला घालवायचा? प्यायले मी.”

केस निघाल्यावर बेसिनवरून ओरडून सांगायला मला पाऊण मिनिट होतं. मी बोललो नाही.

म्हणजे बेरीज अशी. साडेतीन लिटर पेट्रोल वाचलं. चहा दोन कप झाला होता. त्यातला अर्धा मी प्यायलो. दीड ताई.

भाऊजी... भाऊजी चहा पीत नाहीत.